सारामागोंची आलेंतेजो कादंबरी चौघांनी मोठ्याने वाचताना

गोव्यातील फोंड्याच्या आमच्या छोट्या वाचनगटाने गेल्या पावसाळ्यात पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागो यांची ‘लेवान्तादो दो शांव’ (जमिनीवरून उठलेला) ही कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून काढली. पोर्तुगालच्या दक्षिण भागातील आलेंतेजो प्रांतातील एका खेड्यात भूमिहीन शेतमजुरांच्या एका घराण्याच्या पिढ्या, त्यांचे शेजारी, जमीनदार, पाद्री आणि गार्ड म्हणजे सरकारी सशस्त्र पोलीस यांची आयुष्ये एकमेकांत किती घट्ट गुंतलेली होती, हे सांगणारी ही कादंबरी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. मार्गारेट जुल कोस्टा यांचा इंग्रजी अनुवाद यायला मात्र २०१२ साल उजाडले. आम्ही वाचला तो हा अनुवाद. गटातील सर्वांत ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळेच भाई म्हणतो, त्यांच्यापाशी मूळ पोर्तुगीज प्रत होती. भाईंचे प्राथमिक शिक्षण पोर्तुगीज अमदानीत झाले, त्यामुळे ते पुस्तक मांडीवर ठेवून आमच्या वाचनावर परीक्षकासारखे लक्ष ठेवू शकत होते आणि त्यांनी ते ठेवलेही.

मोठ्याने वाचण्याचा आग्रह त्यांचाच होता. पुस्तक उघडले की पान भिंतीसारखे समोर उभे राहते. अवतरणचिन्हे कुठेच नाहीत, परिच्छेद क्वचित बदलतो, प्रकरणांना शीर्षके नाहीत, आणि एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू झाले हे कळण्यासाठी स्वल्पविराम आणि त्यापुढचे मोठ्या लिपीतील अक्षर एवढीच खूण आहे. एकटीने वाचताना माझी नजर त्या खुणा शोधण्यातच दमून जाई. भाई म्हणाले, “बाय, हे डोळ्यांचे पुस्तकच नव्हे. तू वाच, आम्ही ऐकतो. कोण बोलतोय ते आपोआप कळेल.” मी उच्च माध्यमिक शाळेत अर्थशास्त्र शिकवत असल्यामुळे न थांबता बोलण्याची सवय मला आहेच, तेव्हा पहिली बैठक माझ्याकडे आली.

आरंभी आम्ही नाट्यवाचनाप्रमाणे भूमिका वाटून घेतल्या. कादंबरीचा नायक जुआंव याचे बोलणे एकाने वाचायचे, त्याच्या बायकोचे दुसऱ्याने, आणि निवेदन माझे, अशी ती व्यवस्था होती. ती फार टिकली नाही, कारण या कादंबरीतील निवेदक पात्रांना स्वतंत्रपणे बोलूच देत नाही. एखादा मजूर मुकादमाला उत्तर देत असतो, आणि त्याच वाक्याच्या पोटात शिरून निवेदक स्वतःचा शेरा मारतो, पुढे वीस वर्षांनी या माणसाचे काय होणार ते सांगून टाकतो, वाचकाला दोन शब्द सुनावतो आणि मग मजुराचे उरलेले वाक्य पूर्ण करतो. भूमिका वाटलेल्या असताना त्या एका वाक्यात तीन वाचक एकमेकांच्या अंगावर पडत. एकाच आवाजात वाचल्यावर मात्र सगळे सुरळीत झाले, आणि मला आमच्या देवळांत ऐकलेल्या कीर्तनकारांची आठवण झाली, जे आख्यानातील राजाही स्वतःच होतात, दासीही होतात, आणि मध्येच थांबून पुढच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या गृहस्थाला चिमटाही काढतात.

ही शैली कशी आली, हे सारामागोंनी मुलाखतींमधून सांगितले आहे, आणि ते समजल्यावर मोठ्याने वाचण्यामागचे कारणही आम्हाला पटले. पोर्तुगालमधील १९७५ च्या नोव्हेंबरमधील राजकीय उलथापालथीनंतर त्यांची वृत्तपत्रातील नोकरी गेली. पुढच्या वर्षी ते मोंतेमोर-ओ-नोवो तालुक्यातील लाव्र या खेड्यात जाऊन राहिले, तेथील शेतमजुरांच्या सहकारी संस्थेच्या आश्रयाने त्यांनी माणसांशी बोलणी केली आणि टिपणे काढली. जुआंव दोमिंगुश सेर्रा या मजुराने आपल्या कुटुंबाची हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती, ती त्यांना तिथेच मिळाली आणि कादंबरीचा कणा बनली. एवढे साहित्य हाताशी असूनही कादंबरी कशी सांगावी हे त्यांना बराच काळ सुचत नव्हते. अखेर त्यांनी रूढ पद्धतीने, विरामचिन्हे जागच्या जागी ठेवून लिहायला घेतले, आणि वीस-पंचवीस पाने झाल्यावर ती माणसे जशी बोलली होती तसेच लिखाण हातून उतरू लागले. मग त्यांना मागे जाऊन सुरुवातीची पाने नव्याने लिहावी लागली. ज्यांनी आपल्याला तोंडी सांगितले त्यांना आपण तोंडीच परत सांगत आहोत, अशी त्यांची भावना होती. त्यांचे आजोबा निरक्षर होते, आणि आपण पाहिलेला सर्वांत शहाणा माणूस म्हणून त्या आजोबांचाच उल्लेख करून त्यांनी १९९८ च्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ केला होता.

नावांसाठी आम्ही जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर वंशावळ काढली. मुळाशी दोमिंगुश माव-तेंपो, व्यवसायाने चांभार, दारूच्या आहारी गेलेला, एका गावातून दुसऱ्या गावात बिऱ्हाड हलवत राहणारा आणि शेवटी गळफास घेणारा. त्याची बायको सारा द कोंसेसांव, जिचे पुढे मानसिक संतुलन ढळते. त्यांचा मुलगा जुआंव, ज्याच्या खांद्यावर कादंबरीचा बहुतेक भार आहे. त्याची बायको फाउस्तिना. मुलगी ग्रासिंदा आणि तिचा नवरा मानुएल एश्पादा. आणि शेवटी नात मारिया आदेलाइद. जुआंवचे डोळे निळे आहेत, आणि त्या डोळ्यांची कथा पंधराव्या शतकातील एका जर्मन सरदारापर्यंत जाते, ज्याने झऱ्यावर पाण्याला आलेल्या एका गावकरी मुलीवर बलात्कार केला होता. निळे डोळे हा या घराण्याचा दागिना नाही, जमिनीबरोबर आलेल्या जुलमाची ती खूण आहे. पुढे तेच डोळे नातीकडे येतात तेव्हा त्यांच्याकडे आनंदाने पाहिले जाते. आमच्या गटातील सर्वांत धाकटी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी, हा धागा पहिल्यापासून धरून बसली होती. बायकांच्या शरीरांवरूनच जमिनीचा इतिहास पुढे सरकतो आणि सभांमध्ये मात्र पुरुषच बोलतात, ही तिची तक्रार शेवटपर्यंत टिकली. त्यात तथ्य आहे, असे मलाही वाटते.

वंशावळीच्या दुसऱ्या बाजूला जमीनदार लिहायचे होते आणि तिथे आमची त्रेधा उडाली. नोर्बेर्तो, आल्बेर्तो, दागोबेर्तो, आदाल्बेर्तो, लांबेर्तो अशी सगळ्यांचीच नावे सारख्या शेपटाची, त्यामुळे बाप कोण, मुलगा कोण, चुलता कोण हे लागेनाच. थोड्या वेळाने ध्यानात आले की ते लागावे अशी लेखकाची इच्छाच नाही. मजुरांना प्रत्येकी वेगळे नाव, वेगळा स्वभाव आणि वेगळे मरण दिलेले आहे. जमीनदार मात्र बदलले तरी तेच राहतात. पाद्री आगामेदेश तर पिढ्या उलटल्या तरी तसाच आहे, जणू तो पद आहे, माणूस नाही. ही युक्ती पहिल्या शंभर पानांत फार मजेची वाटते. पुढे तिची धार बोथट होते, आणि जमीनदारांच्या वाड्यांतील संवाद आले की आमच्यापैकी कोणी ना कोणी चहा टाकायला उठत असे. सारामागो कम्युनिस्ट होते, ते त्यांनी कधी लपवले नाही, आणि त्यांच्या सहानुभूतीचा कल कोणत्या बाजूला आहे याबद्दल आमची हरकत नव्हती. मात्र ज्या लेखकाने एका कुत्र्यालाही व्यक्तिमत्त्व दिले, त्याने एखाद्या मुकादमाच्या मनात थोडे आत शिरायला हवे होते, असे मला राहून राहून वाटले.

आमच्यातले चौथे सदस्य कृषी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. मळणीच्या प्रकरणात त्यांना कंठ फुटला. मानुएल एश्पादा आणि त्याचे तीन तरुण सोबती मळणी यंत्रावर कामाला आहेत. उन्हाळ्याची काहिली, यंत्राचा कानठळ्या बसवणारा आवाज, आणि गव्हाच्या काडीचा भुसा नाकात, कानात, घामाने चिकटलेल्या सदऱ्याच्या आत शिरून अंगभर खाजत राहतो. चौघांना ते असह्य होते आणि ते काम सोडून निघतात, इतकेच. शेजारच्या स्पेनमध्ये तेव्हा यादवी युद्ध पेटलेले आहे, त्यामुळे या चार पोरांवर संप केल्याचा शिक्का बसतो आणि त्यांना गार्डांपुढे उभे केले जाते. संप हा शब्दच त्यांच्या डोक्यात नव्हता. सरकारनेच तो त्यांना शिकवला. आमचे कृषी अधिकारी म्हणाले, “अहो, भाताची मळणीसुद्धा अंगाला चावते, पण गव्हाचे कूस म्हणजे सुयाच.” त्यांनीच आम्हाला बुचाच्या झाडांविषयी सांगितले. त्या प्रदेशात गव्हाच्या शेतांमधून बुचाच्या ओकाचे विस्तीर्ण बन असते, त्याची साल नऊ वर्षांतून एकदाच काढतात आणि कोणत्या वर्षी काढली ते ध्यानात राहावे म्हणून त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात. म्हणजे मालकाचा हिशेब झाडावर लिहिलेला असतो. मजुराचे काम मात्र रोज सकाळी चौकात उभे राहून, मुकादम बोट दाखवील त्यावर ठरत असे.

अर्थशास्त्राची शिक्षिका म्हणून मला त्या चौकाने फार विचार करायला लावला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, रोजंदारी मालक ठरवील ती, आणि हंगाम संपला की चूल बंद. गोव्यातील वाचकाला इथे भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे कूळ आठवतात, आम्हालाही आठवले, परंतु तुलना फार ताणता येत नाही. मुंडकाराला निदान भाटकाराच्या जमिनीवर स्वतःची झोपडी आणि त्यासोबत आलेली वेठ असे. आलेंतेजोचा रोजंदार मजूर त्या जमिनीशी कोणत्याही नात्याने बांधलेला नव्हता, आणि म्हणूनच त्याला रोज सकाळी नव्याने नाकारता येत असे. कादंबरीत माणसे ज्यासाठी तुरुंगात जातात, ती मागणी रोजंदारीत काही एस्कुदो (तेव्हाचे पोर्तुगीज चलन) वाढवून मिळावेत एवढीच असते. पुढे १९६२ मध्ये आलेंतेजोच्या शेतमजुरांनी आठ तासांचा दिवस झगडून मिळवला. तोपर्यंत गोवा मुक्त होऊन काही महिने लोटले होते. हा हिशेब भाईंनी केला, आणि खोलीत सगळेच थोडे सावरून बसले.

कारण इथून पुढे कादंबरी आमच्या घराच्या फार जवळ आली. ज्या सालाझारी राजवटीने, म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने, लाव्रच्या मजुरांना चौकातून उचलले, तीच राजवट आमच्याकडे होती. तिकडच्या मजुरांना आणि इकडच्या स्वातंत्र्यसैनिकांना कोंडणारे तुरुंगही काही ठिकाणी एकच होते. जुआंवला राजकीय पोलीस लिस्बनला नेतात, आणि झोप न देता, भिंतीला न टेकता, पुतळ्यासारखे उभे ठेवतात. पाय सुजतात, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, तरी तो नावे सांगत नाही. हे प्रकरण त्या दिवशी भाईंनी स्वतः वाचायला घेतले, मूळ पोर्तुगीजमधून, आणि एकेक पान झाले की मराठीत सांगत गेले. मध्येच त्यांनी मोहन रानडे यांचे नाव काढले. सांगलीकडचा हा मराठी तरुण गोव्यात शिक्षक म्हणून आला, आझाद गोमंतक दलात सामील झाला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, हाती सापडला, पुढे पोर्तुगालला नेला गेला, लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात राहिला आणि गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९ च्या जानेवारीत सुटला. काशियशमध्ये आलेंतेजोचे मजूर आणि कम्युनिस्ट कार्यकर्तेही डांबलेले असत. भाई म्हणाले, “आम्ही शाळेत असताना समजत होतो की सगळे पाखले एकच. त्यांच्यातही असे अर्धपोटी शेतमजूर आहेत, ही गोष्ट मला या वयात एका कादंबरीने सांगितली.” त्यांच्या शाळेत भिंतीवर सालाझारचे चित्र होते, हे त्यांनी पूर्वी कितीदा तरी सांगितले होते, तसेच चित्र लाव्रच्या शाळेतही असणार, हे त्या दिवशी आम्हा सर्वांना एकदमच सुचले.

सर्वांत अवघड बैठक मुंग्यांच्या प्रकरणाची झाली. जेर्मानो विदिगाल हा मोंतेमोरचा खरा माणूस, १९४५ मध्ये गार्डांच्या कोठडीत मारहाणीत मेला. १९५८ मध्ये त्याच शहरात गोळी लागून मेलेला जुझे आदेलिनो दोश सांतोश आणि तो, अशा दोघांच्या स्मृतीला ही कादंबरी अर्पण केलेली आहे. सारामागो त्याचा मृत्यू सरळ सांगत नाहीत. कोठडीच्या फरशीवरून मुंग्यांची रांग चालली आहे, आणि आपल्याला जे दिसते ते त्या मुंग्यांच्या उंचीवरून दिसते. वरून एक माणूस कोसळतो, उठवला जातो, पुन्हा कोसळतो. मुंग्या कुत्र्याप्रमाणे मान वर करून पाहतात, आणि निवेदक सांगतो की या खोलीत जे घडले त्याच्या साक्षीदार याच. पुढे कैद्याने गळफास घेतला असे कागदोपत्री ठरते आणि एक डॉक्टर त्यावर सही करतो. वाचन त्या दिवशी आमच्या धाकटीकडे होते. तिने वेग अजिबात कमी केला नाही, भाव घातला नाही, वर्तमानपत्र वाचावे तसे वाचले, आणि तेच योग्य होते, कारण त्या लिखाणात आधीच इतकी थट्टा आणि इतका संताप एकत्र भरलेला आहे की वाचणाऱ्याने स्वतःचे काही मिसळण्याची गरज राहत नाही. प्रकरण संपल्यावर काही वेळ चर्चाच झाली नाही. मग कृषी अधिकारी डॉक्टरवर घसरले आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

याच पुस्तकात खदखदून हसवणारी पानेही आहेत, हे कोणी आधी सांगितले असते तर आम्ही ते लवकर हाती घेतले असते. ग्रासिंदाच्या लग्नाच्या जेवणावळीत सिजिश्मुंदो कानाश्त्रो हा मजूर आपल्या कोन्स्तान्ते नावाच्या शिकारी कुत्र्याची गोष्ट सांगतो. तित्तिराचा माग लागताच हा कुत्रा एक पाय उचलून जागीच उभा राहिला, झुडपांत मालकाच्या नजरेआड झाला आणि सापडला नाही. फार दिवसांनी मालक त्याच वाटेने गेला तर कुत्र्याचा सांगाडा तसाच पाय उचलून उभा, आणि समोर तित्तिराचा सांगाडा! जुआंवचा मुलगा आंतोनियो तर ससे कसे मारावेत याची कृतीच सांगतो: दगडावर वर्तमानपत्र पसरायचे, त्यावर मिरपूड टाकायची, ससा बातम्या वाचायला येतो, मिरपूड नाकात जाते, शिंक येते, डोके दगडावर आपटते आणि ससा गार. या थापा निव्वळ करमणुकीसाठी नाहीत. ज्यांच्या ताटात कधी ससा पडत नाही त्यांनी रचलेल्या या थापा आहेत, आणि शिवाय मालकीच्या रानात शिकार करणे हा गुन्हा होता. पण हे सगळे नंतर सुचते. ऐकताना माणूस फक्त हसतो.

शेवटचे प्रकरण आम्ही एका बैठकीत, न थांबता वाचले. हुकूमशाही उलथवणारी १९७४ च्या २५ एप्रिलची लष्करी क्रांती होऊन गेली आहे, पण मजुरांची कापणी मालकांनी अडवून धरली आहे, आणि मजूर एका मागून एक जमिनी ताब्यात घ्यायला निघतात. त्यांच्याबरोबर मेलेलेही उठून चालू लागतात. विदिगाल आहे, आदेलिनो आहे, सारा आहे, जुआंव आहे. जुआंव धुरासारखा हात फाउस्तिनाच्या खांद्यावर टाकतो. तिला ऐकू येत नाही, स्पर्शही कळत नाही, तरी ती अडखळत नाचातले एक जुने गाणे म्हणू लागते. सगळ्यांच्या पुढे कोन्स्तान्ते उड्या मारत धावतो आहे. थापेतला कुत्रा इतिहासाच्या मिरवणुकीत पहिला, या एका कल्पनेसाठी मी जमीनदारांची कंटाळवाणी पाने माफ केली.

भांडण झाले ते यानंतर. १९७५ मध्ये आलेंतेजोच्या मजुरांनी दहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन ताब्यात घेतली आणि तिच्यावर सामुदायिक शेती सुरू केली, हे खरे. परंतु १९७७ मध्ये नवा कायदा आला आणि ती जमीन तुकड्यातुकड्याने जुन्या मालकांकडे परत जाऊ लागली. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा, १९८० मध्ये, ती उलटी प्रक्रिया ऐन भरात होती. मग लेखकाने विजयाच्या दिवशीच पुस्तक का मिटले? आमच्या धाकटीच्या मते ही सरळसरळ पक्षाची प्रचारकी समाप्ती आहे आणि वाचकापासून पुढची हकीकत दडवलेली आहे. कृषी अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की कापणीचा दिवस हा शेतकऱ्याच्या वर्षाचा खरा शेवट, त्यामुळे गोष्ट तिथेच संपायला हवी. माझा कौल या दोघांच्या मधला आहे. जमीन परत जाते आहे हे सारामागो लिहीत असतानाच समोर पाहत होते, लाव्रच्या माणसांकडून ऐकतही होते. म्हणून तर त्यांना मेलेल्यांना उठवावे लागले, कारण जिवंतांच्या ताब्यात जे राहील याची खात्री नव्हती, ते मेलेल्यांच्या साक्षीने लिहून ठेवता येत होते. भाईंनी यातले काहीच मान्य केले नाही. त्यांनी मूळ प्रत पुन्हा पहिल्या पानावर उघडली, जिथे माणूस यायच्या आधीची नुसती जमीन आणि तिचे रंग आहेत, आणि यावेळी पोर्तुगीजमधून वाचायचे असेल तर आपण वाचायला तयार आहोत, असे जाहीर केले. धाकटीने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, पण लग्नाच्या प्रकरणापुरतीच. बाकीचे ऐकायचे असेल तर समोर येऊन बसायचे, अशी अट आहे.